प्रगत कर्करोगावरील नव्या अँटिबॉडी औषधाची पहिल्या टप्प्यातील चाचणी: सहभागी होणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

प्रचलित उपचार करून झाले, आजार पुन्हा वाढू लागला आणि डॉक्टरांनी एका नव्या अँटिबॉडी औषधाच्या चाचणीचा पर्याय सुचवला, की रुग्णाच्या आणि घरच्यांच्या हाती एक जाडजूड संमतिपत्र येते. (अँटिबॉडी म्हणजे शरीरातील ठरावीक लक्ष्यालाच चिकटणारे प्रथिन.) निर्णयासाठी मात्र मोजकेच दिवस मिळतात. त्या दिवसांत काय समजून घ्यावे, कोणाला काय विचारावे आणि होकार दिल्यास पुढे काय काय घडते, हे या लेखात क्रमाने सांगितले आहे. चाचणीत जावे की नाही, हा निर्णय रुग्णाने आपल्या डॉक्टरांशी बोलूनच घ्यायचा आहे.

पायरी १: चाचणीचा प्रश्न कोणता, ते ओळखा

पहिल्या टप्प्यातील चाचणी मुख्यतः एकच गोष्ट शोधत असते: हे औषध माणसाला किती मात्रेत सुरक्षितपणे देता येईल? गाठ लहान होते का, हेही नोंदवले जाते. पण चाचणीची रचना, तपासण्यांचे वेळापत्रक आणि रुग्णांची संख्या हे सारे मात्रेच्या प्रश्नाभोवती बेतलेले असते. रुग्ण उपचाराच्या आशेने येतो आणि चाचणी माहितीसाठी चालते, हा फरक संमतिपत्रात लिहिलेला असतो, तरीही सही करताना तो हमखास मागे पडतो. पुढच्या प्रत्येक पायरीवर तो लक्षात ठेवला, तर बरीच गोंधळात टाकणारी कलमे आपोआप उलगडतात.

अपेक्षा किती ठेवावी, याला काही आधार उपलब्ध आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या कार्यक्रमाखाली २००० ते २०१९ या काळात झालेल्या पहिल्या टप्प्याच्या चाचण्यांतील १३,००० हून अधिक रुग्णांचा एकत्रित अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. गाठी लक्षणीयरीत्या लहान झालेल्या रुग्णांचे प्रमाण २०००–०५ मध्ये ९.६ टक्के होते, ते २०१३–१९ मध्ये १८ टक्क्यांवर गेले. औषधामुळे झालेल्या मृत्यूंचे प्रमाण एकंदर ०.७ टक्के होते. हे आकडे सर्व प्रकारच्या औषधांचे आहेत, केवळ अँटिबॉडींचे नव्हेत. शिवाय गाठ लहान होणे म्हणजे आजार बरा होणे नव्हे, किंवा आयुष्य वाढलेच असेही नव्हे. अशा टक्केवारीकडे पाहून कोणी हुरळून जाऊ नये, तसेच ‘प्रयोगासाठी वापरतात’ एवढ्याच भीतीने दारही लावून घेऊ नये, असे मला वाटते.

पायरी २: औषधाची जात विचारा

‘अँटिबॉडी’ या एका नावाखाली आज निरनिराळ्या पद्धतींनी काम करणारी औषधे येतात आणि त्यांचे धोकेही निरनिराळे असतात. साधी अँटिबॉडी कर्करोगाच्या पेशीवरील एखाद्या प्रथिनाला चिकटते आणि त्या पेशीला वाढीचा संदेश मिळू देत नाही. स्तनाच्या कर्करोगावर अमेरिकेत १९९८ मध्ये मान्यता मिळालेले ट्रास्टुझुमॅब हे त्याचे परिचित उदाहरण. दुसरा प्रकार रोगप्रतिकारशक्तीवरचा ब्रेक काढून घेणाऱ्या अँटिबॉडींचा. २०११ मध्ये मान्यता मिळालेले इपिलिमुमॅब या प्रकारातले पहिले. इथे सुटलेली प्रतिकारशक्ती निरोगी आतडे, फुप्फुस, यकृत किंवा थायरॉइडवरही चालून जाऊ शकते. तिसऱ्या प्रकारात अँटिबॉडीला केमोथेरपीचे तीव्र औषध जोडलेले असते, त्यामुळे रक्तपेशी घटणे, उलट्या, नसांना बधिरता असे केमोसारखे त्रास संभवतात. चौथ्या प्रकारातील दुहेरी अँटिबॉडी एका टोकाने कर्करोगाची पेशी आणि दुसऱ्या टोकाने टी-पेशी, म्हणजे रोगप्रतिकारशक्तीची लढाऊ पेशी, पकडून दोघींना समोरासमोर आणते. तीत पहिल्या काही डोसांनंतर तीव्र ताप आणि रक्तदाब उतरण्याचा धोका असल्याने रुग्णालयात मुक्काम करावा लागतो.

याच्या जोडीला एक प्रश्न आवर्जून विचारावा: औषध ज्या प्रथिनाला चिकटते, ते शरीरातल्या आणखी कोणत्या निरोगी अवयवांवर असते? ईजीएफआर हे प्रथिन काही गाठींवर जसे असते तसेच त्वचेतही असते, म्हणून त्याला लक्ष्य करणाऱ्या सेटुक्सिमॅबने चेहऱ्यावर आणि छातीवर मुरुमांसारखे पुरळ येते. ट्रास्टुझुमॅबचे लक्ष्य हृदयाच्या स्नायूंतही आढळते आणि म्हणूनच ते घेणाऱ्यांचा एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, ठरावीक काळाने काढतात. नव्या औषधाबाबत डॉक्टरांचे उत्तर अपुरे असेल. पण प्राण्यांवरील अभ्यासात कोणत्या अवयवांना त्रास झाला, एवढे तरी त्यांना सांगता येते.

पायरी ३: डोसच्या क्रमात तुमचे स्थान कोठे, ते जाणून घ्या

माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत कमी विचारला जाणारा प्रश्न हाच आहे. त्यासाठी डोस कसा चढवतात, ते थोडे तपशिलाने पाहावे लागेल.

सुरुवातीचा डोस किती ठेवायचा, यामागे एक कटू इतिहास आहे. १३ मार्च २००६ रोजी लंडनच्या नॉर्थविक पार्क रुग्णालयाच्या आवारातील एका संशोधन केंद्रात टीजीएन१४१२ नावाची अँटिबॉडी सहा निरोगी तरुणांना थोड्या थोड्या मिनिटांच्या अंतराने देण्यात आली. माकडांना जो डोस सोसला होता, त्याच्या पाचशेव्या भागाइतकीच ती मात्रा होती. तरीही दीड तासाच्या आत सर्वांची प्रतिकारशक्ती एकाच वेळी भडकली आणि सहाही जणांना अनेक अवयव निकामी होण्याच्या अवस्थेत अतिदक्षता विभागात हलवावे लागले. सर्व जण वाचले. पुढे संशोधनात दिसले, की ज्या टी-पेशींनी माणसात हा वणवा पेटवला, त्यांच्यावर माकडांत या अँटिबॉडीचे लक्ष्य असलेले प्रथिनच नसते. म्हणजे माकडांची सुरक्षितता इथे काहीच सांगत नव्हती.

त्यानंतर दोन पद्धती रूढ झाल्या. प्रतिकारशक्तीला चेतवणाऱ्या औषधांचा पहिला डोस प्राण्यांना सोसलेल्या कमाल मात्रेवरून न ठरवता, शरीरावर ज्या किमान मात्रेचा परिणाम जाणवेल अशी अपेक्षा असते तिच्यावरून ठरवू लागले. आणि पहिल्या व्यक्तीला औषध दिल्यावर ठरावीक काळ, निदान एक दिवस तरी, थांबून मगच दुसऱ्या व्यक्तीला द्यायचे, हा दंडक झाला. या दोन्हींमुळे सुरक्षितता वाढली. मात्र याचा अर्थ असाही होतो, की अगदी खालच्या डोसावर येणाऱ्या रुग्णाला औषधाचा गुण येण्याची शक्यता फार कमी असते.

वर चढण्याची सर्वांत जुनी आणि अजूनही वापरात असलेली रीत ‘तीन अधिक तीन’ म्हणून ओळखली जाते. एका डोसावर तीन रुग्ण घेतात. पहिल्या चक्रात, म्हणजे साधारणपणे २१ किंवा २८ दिवसांत, तिघांपैकी कोणालाही डोस थांबवायला लावील असा गंभीर त्रास झाला नाही, तर पुढचे तीन रुग्ण वरच्या डोसावर जातात. एकाला झाला, तर त्याच डोसावर आणखी तिघे घेतले जातात आणि सहांपैकी तो एकटाच राहिला तरच वर जाता येते. दोघांना झाला, तर तो डोस जास्त ठरतो. अलीकडे अनेक चाचण्या गणिती प्रतिरूपावर आधारलेल्या रीती वापरतात, परंतु तत्त्व हेच: आधीच्या रुग्णांना काय झाले, यावर पुढच्यांचा डोस ठरतो.

अँटिबॉडींच्या बाबतीत आणखी एक विशेष आहे. पेशींवरील सगळी लक्ष्ये एकदा व्यापली गेली, की डोस वाढवून परिणाम वाढेलच असे नसते आणि पुष्कळदा सोसण्याची कमाल मर्यादा गाठलीच जात नाही. म्हणून सर्वांत मोठा डोस म्हणजे सर्वांत चांगला डोस, ही केमोथेरपीच्या काळातली समजूत इथे लागू पडत नाही. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनीही २०२१ पासून कर्करोगाच्या औषधांचा डोस निवडताना एकाहून अधिक मात्रांची तुलना करण्याचा आग्रह धरला आहे.

डोस चढवण्याचा भाग संपला, की निवडलेल्या डोसावर विशिष्ट कर्करोगांचे मोठे गट घेतले जातात. काही वेळा हा भाग फार विस्तारतो: २०११ मध्ये पहिल्या टप्प्याची म्हणून सुरू झालेली पेम्ब्रोलिझुमॅबची चाचणी पुढे बाराशेहून अधिक रुग्णांपर्यंत वाढली आणि तिच्यातील निष्कर्षांवरच २०१४ मध्ये त्या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली. असे क्वचितच घडते.

तेव्हा डॉक्टरांना विचारायचे ते असे: मी डोस चढवण्याच्या भागात आहे की नंतरच्या विस्तारित भागात? माझ्या आधी किती जणांना औषध मिळाले आणि माझ्याच डोसावर किती जणांना? त्यांना कोणते त्रास झाले? कोणाची गाठ लहान झाली का? पुढे वरचा डोस सुरक्षित ठरला, तर माझा डोस वाढवला जाईल का? या प्रश्नांची उत्तरे मिळण्याचा तुम्हाला हक्क आहे.

पायरी ४: संमतिपत्र मागून पुढे वाचा

पहिल्या पानापासून सुरुवात केली, की बहुतेकांचा धीर सातव्या-आठव्या पानावर सुटतो. त्याऐवजी शेवटाकडे असलेला तपासण्यांचा तक्ता आधी शोधा. आडव्या ओळींत तपासण्या, उभ्या रकान्यांत दिवस आणि जिथे तपासणी आहे तिथे फुली, असे त्याचे स्वरूप असते. पहिल्या चक्राच्या रकान्यांतल्या फुल्या मोजल्या, की या चाचणीसाठी आठवड्यातून किती दिवस रुग्णालयात जावे लागेल, किती वेळा रक्त द्यावे लागेल आणि बायोप्सी, म्हणजे गाठीचा तुकडा काढून करायच्या तपासण्या, नेमक्या केव्हा आहेत, हे दहा मिनिटांत कळते. ज्या रुग्णाच्या हाताशी उरलेला काळ मर्यादित आहे, त्याच्यासाठी हा तक्ता म्हणजे खरा हिशेब आहे. कोणतेही माहितीपत्रक तो इतक्या स्पष्टपणे सांगत नाही.

मग उरलेल्या पानांतून पुढील गोष्टी शोधा. बायोप्सी सक्तीच्या आहेत की ऐच्छिक? औषध, स्कॅन, प्रवास आणि मुक्काम यांपैकी कोणता खर्च प्रायोजक, म्हणजे चाचणी करवणारी कंपनी किंवा संस्था, करणार आणि कोणता तुमच्यावर पडणार? औषधामुळे इजा झाली, तर उपचार कोण करणार आणि भरपाई कोण देणार? रक्ताचे आणि गाठीचे नमुने किती वर्षे ठेवले जाणार आणि त्यांवर जनुकीय चाचण्या होणार का? औषधाचा फायदा होत असताना चाचणी बंद पडली, तर औषध पुढे मिळत राहील का? रात्री-अपरात्री फोन कोणाला करायचा? सहभागींच्या हितावर लक्ष ठेवणाऱ्या नैतिकता समितीशी संपर्क कसा साधायचा?

गर्भनिरोधनाचे कलम पुष्कळांना अनावश्यक वाटते. अँटिबॉडी शरीरात दीर्घकाळ टिकते; या वर्गातील बहुतेक औषधांची रक्तातील मात्रा निम्म्यावर यायला दोन ते तीन आठवडे लागू शकतात आणि ती वारेतून गर्भापर्यंतही पोहोचते. म्हणूनच शेवटच्या डोसानंतरही काही महिने ही अट पाळायची असते.

आणखी एक गोष्ट संमतिपत्रात सहसा ठळकपणे लिहिलेली नसते: एका लक्ष्यावरचे औषध घेतले, की त्याच लक्ष्यावरच्या दुसऱ्या औषधाच्या चाचणीत पुढे प्रवेश नाकारला जाऊ शकतो. समोर दोन पर्याय असतील, तर कोणता आधी घ्यावा हे ठरवताना डॉक्टरांशी याबद्दल बोलावे.

सही करण्याआधी संमतिपत्र घरी नेऊन वाचण्याची मुभा मागा. समजले नाही तिथे खूण करा आणि घरच्या एका माणसाला सोबत घेऊन प्रश्न विचारा. सही केल्यावर एक प्रत स्वतःजवळ ठेवा. सही केली तरी कारण न देता केव्हाही बाहेर पडता येते आणि त्यामुळे नेहमीच्या उपचारांवर परिणाम होता कामा नये. जागतिक वैद्यकीय संघटनेच्या १९६४ पासूनच्या हेलसिंकी जाहीरनाम्यातले हे मूळ तत्त्व आहे.

पायरी ५: पात्रता-तपासणीचे दिवस नीट आखा

सही झाल्यावर पात्रता तपासण्यासाठी बहुधा २८ दिवसांची मुदत असते. रुग्ण आपली कामे आपण करू शकतो का, हे ईसीओजी या मोजपट्टीवर पाहतात. ० किंवा १ हा दर्जा साधारणपणे लागतो, म्हणजे श्रमाची कामे झेपली नाहीत तरी चालेल, पण हिंडता-फिरता आले पाहिजे आणि हलकी कामे जमली पाहिजेत. रक्तपेशी, यकृत, मूत्रपिंड, हृदय, बी आणि सी कावीळ, एचआयव्ही यांच्या तपासण्या होतात. स्कॅनमध्ये मोजता येईल अशी गाठ लागते. लसिकाग्रंथी वगळता तिचा मोठा व्यास किमान १० मिलिमीटर असावा लागतो. प्रतिकारशक्ती चेतवणाऱ्या औषधांसाठी संधिवात, सोरायसिस यांसारखे आजार किंवा रोजचे स्टिरॉइड ही अडचण ठरू शकते.

आधीचे उपचार थांबवून काही आठवडे मोकळे जाऊ द्यावे लागतात. या काळात आजार वाढू शकतो, म्हणून चाचणीत जागा राखली गेल्याची खातरी होईपर्यंत चालू असलेला उपचार परस्पर बंद करू नका. एका डोसावरच्या गटाचे निरीक्षण संपून पुढचा गट सुरू होईपर्यंत नवी जागाच उपलब्ध नसते, त्यामुळे ‘तुम्ही पात्र आहात, पण थांबा’ असेही ऐकावे लागते. वनौषधी, पूरक गोळ्या आणि इतरांनी सुचवलेली औषधे यांची यादी न लपवता द्यावी.

पायरी ६: पहिल्या डोसाच्या दिवशी

सकाळी रक्ताचे अहवाल ठीक आल्यावरच औषधविभाग पिशवी तयार करतो, त्यामुळे सलाईन प्रत्यक्ष लागायला दुपारही होते. वाचायला काही आणि अंगावर पांघरायला काही जवळ असू द्या. पहिला डोस सावकाश, एक-दीड तास किंवा त्याहूनही अधिक वेळ घेऊन देतात. एका हाताच्या शिरेतून औषध जात असताना रक्त दुसऱ्या हातातून घेतले जाते, कारण त्याच हातातून घेतले तर नळीतले औषध मिसळून मोजमाप चुकेल. औषध सुरू करण्यापूर्वी, संपताक्षणी, मग दोन तासांनी, चार तासांनी, दुसऱ्या दिवशी, अशा ठरलेल्या वेळांना परिचारिका घड्याळ पाहून नळी भरते आणि नळीवर मिनिटासह वेळ लिहिते. उशीर झाला, तर तो उशीरही नोंदवला जातो, कारण औषध रक्तात किती काळ टिकते याचा आलेख याच नोंदींवरून निघतो.

सलाईन चालू असताना थंडी वाजणे, अंगाला खाज, चेहरा लाल होणे, घशाशी आवळल्यासारखे वाटणे, छातीत दाब, श्वास अपुरा पडणे, एकाएकी कंबर दुखणे, यांपैकी काहीही जाणवले तर त्याच क्षणी सांगा. बहुतेक वेळा सलाईन थांबवून औषधे देतात आणि त्रास ओसरल्यावर कमी गतीने पुन्हा सुरू करतात. संकोचाने पंधरा मिनिटे गप्प बसणे मात्र महागात पडू शकते.

पायरी ७: घरी आल्यावर

घरी थर्मामीटर ठेवा आणि एका वहीत तारीख, वेळ, ताप आणि तक्रार लिहीत जा. ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक ताप, दिवसाला नेहमीपेक्षा चार किंवा अधिक जास्तीचे जुलाब, नवा कोरडा खोकला किंवा धाप, डोळे पिवळे होणे, अंगभर पुरळ, गोंधळल्यासारखे बोलणे, यांतले काहीही झाले तर पुढच्या भेटीची वाट न पाहता दिलेल्या क्रमांकावर फोन करा. प्रतिकारशक्तीशी निगडित त्रास पहिल्या आठवड्यातच होतात असे नाही. ते काही महिन्यांनी, औषध थांबल्यावरही उद्भवू शकतात. आपण चाचणीत असल्याचे सांगणारे, केंद्राने दिलेले कार्ड कायम खिशात असावे आणि दुसऱ्या कोणत्याही डॉक्टरांकडे गेल्यास सर्वप्रथम तेच दाखवावे, कारण अशा जुलाबांवर जंतुसंसर्गाचा नव्हे तर बहुधा स्टिरॉइडचा उपचार लागतो आणि हे बाहेरच्या डॉक्टरांच्या ध्यानात येईलच असे नाही.

त्रास सांगितला तर आपल्याला चाचणीतून काढतील, या धास्तीने अनेक रुग्ण तो लपवतात. हे स्वतःसाठी धोक्याचे आहेच. शिवाय त्या नोंदीवरूनच पुढच्या तिघांचा डोस ठरणार असतो.

पायरी ८: स्कॅनचा अहवाल समजून घ्या

साधारण सहा ते नऊ आठवड्यांनी स्कॅन होतो. रेसिस्ट या नियमावलीनुसार निवडक, जास्तीत जास्त पाच गाठींच्या व्यासांची बेरीज करतात. समजा, सुरुवातीची बेरीज ८० मिलिमीटर होती. ती ५६ किंवा त्याखाली आली, म्हणजे किमान ३० टक्क्यांनी घटली, तरच त्याला अंशतः प्रतिसाद म्हणतात. ६० वर आली तर गाठी उघडच लहान झालेल्या असूनही अहवालात ‘स्थिर’ असाच शब्द येतो. पुढे ती ६० वरून ७२ झाली, तर आजार वाढला असे नोंदवले जाते, जरी ७२ हा आकडा मूळच्या ८० पेक्षा कमी असला तरी; कारण वाढ नेहमी आतापर्यंतच्या सर्वांत कमी बेरजेशी तुलना करून मोजतात आणि २० टक्के वाढ ही सीमा आहे. नवी गाठ दिसली, तरीही तीच नोंद होते.

रोगप्रतिकारशक्तीवरील औषधांत क्वचित गाठ आधी फुगलेली दिसते आणि नंतर आक्रसते. त्यामुळे प्रकृती ठीक असेल, तर औषध चालू ठेवून चार ते आठ आठवड्यांनी पुन्हा स्कॅन करण्याची तरतूद काही चाचण्यांत असते. पण हे क्वचितच होते. प्रकृती खालावत असताना या शक्यतेवर भरवसा ठेवून थांबू नये.

पायरी ९: बाहेर पडताना

आजार वाढणे, त्रास न सोसणे किंवा स्वतःची इच्छा, यांपैकी कोणत्याही कारणाने औषध थांबले, तरी साधारण ३० दिवसांनी, काही औषधांत ९० दिवसांपर्यंत, सुरक्षिततेची तपासणी असते. तिला जाणे तुमच्या हिताचे आहे. वेदना, झोप, भूक यांकडे पाहणारी उपशामक सेवा मात्र शेवटासाठी राखून न ठेवता पहिल्या दिवसापासूनच चाचणीसोबत घ्यावी. ती घेतली म्हणून चाचणीतून नाव कमी होत नाही.

निघताना केंद्राकडून एक सारांश लेखी मागून घ्या: औषधाचा सांकेतिक क्रमांक, त्याचे लक्ष्य, मिळालेला डोस, पहिल्या आणि शेवटच्या डोसाची तारीख, झालेले त्रास आणि त्यांवर दिलेली औषधे, सर्व स्कॅनमधील बेरजा आणि गाठीवर केलेल्या जनुकीय तपासण्यांचे जे निष्कर्ष देता येत असतील ते. पुढचे डॉक्टर नवा उपचार किंवा दुसरी चाचणी सुचवण्यापूर्वी नेमके हेच विचारतात आणि केंद्रातले कर्मचारी बदलल्यावर ही माहिती मिळवायला अनेक आठवडे जातात.